डोक्याला मार, रक्तात साखर

मकरसंक्रांत जवळ आली की नाशिक जिल्ह्याचे आकाश पतंगांनी भरून जाते. येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारे गाव गच्च्यांवर चढलेले असते. या आनंदाला कोठे ना कोठे गालबोट लागते. नजर आभाळात आणि पाय कठडा नसलेल्या गच्चीच्या काठावर, अशा अवस्थेत एखादे पोर खाली येते. अर्थात संक्रांत हे केवळ निमित्त. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा अंधारा जिना, बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा उघडा मजला, मजुरांना द्राक्षबागेकडे घेऊन निघालेली पिकअप गाडी, वडिलांच्या मोटारसायकलीची टाकी, या सर्व ठिकाणांहून मुले बाराही महिने पडत असतात. मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड, कवटी पातळ आणि मानेचे स्नायू कोवळे. त्यामुळे पडताना हातापायांपेक्षा डोक्यालाच मार बसण्याचा संभव अधिक.

अशा मुलाला उचलून माणसे जवळच्या दवाखान्यात धाव घेतात. तेथे पुष्कळदा दोन गोष्टी घडतात. मूल मलूल झाले आहे, डोळे उघडत नाही, म्हणून त्याला ‘ताकद’ यावी यासाठी ग्लुकोजची बाटली लावली जाते. डॉक्टरांनी लावली नाही तर नातेवाईक ती मागून घेतात. नंतर कोणी रक्त तपासले तर साखर दोनशेच्या वर निघते आणि घरात दुसरीच रडारड सुरू होते : पोराला मधुमेह कोठून झाला? वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान आहे. डोक्याला जबर मार लागलेल्या मुलाच्या रक्तातील साखर आपोआप वाढते, ती मधुमेहामुळे वाढत नाही आणि अशा वेळी बाहेरून आणखी साखर ओतणे हिताचे नसते, हे साधे त्रिसूत्र आपल्या समाजात, आणि खेदाने म्हणावे लागते की वैद्यकीय व्यवसायाच्या काही भागातही, अद्याप रुजलेले नाही.

शरीराचा आपद्धर्म

हे ज्ञान काही कालपरवाचे नव्हे. १८४९ साली पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या विवराच्या जमिनीवर, सुईने टोचले आणि थोड्याच वेळात त्या सशाच्या लघवीत साखर उतरलेली त्याला दिसली. मेंदूला इजा केली आणि साखर वाढली! मेंदू आणि यकृत यांच्यात साखरेच्या संदर्भात काही संबंध आहे, याचा तो पहिला ठोस पुरावा होता. पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी भीती, वेदना आणि क्रोध यांचे शरीरावरील परिणाम तपासले. १९१३ सालच्या अटीतटीच्या फुटबॉल सामन्यानंतर हार्वर्डच्या पंचवीस खेळाडूंची लघवी तपासण्यात आली, तेव्हा बारा जणांच्या लघवीत साखर आढळली. मौज अशी की, त्या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. त्यांनी मैदानात पाऊलही टाकलेले नव्हते. काठावर बसून नुसता जीव टांगणीला लागल्याने त्यांची साखर वाढली होती. परीक्षेच्या मांडवातून बाहेर पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना यात नवल वाटू नये.

यामागची यंत्रणा आता पुष्कळशी उलगडली आहे. संकट आले की मेंदूकडून आज्ञा सुटते आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात सोडतात. स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन येते. यकृताने राखून ठेवलेला ग्लायकोजेनचा साठा फुटतो आणि त्याची साखर होऊन रक्तात उतरते. स्नायूंतील प्रथिनांपासूनही यकृत नवी साखर घडवू लागते. त्याच वेळी इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, म्हणजे ही साखर पेशींत शिरण्याचा मार्ग अरुंद होतो. वाघ समोर आला असता पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तरतूद उत्तम. हा शरीराचा आपद्धर्मच म्हणावयाचा. परंतु दगडावर डोके आपटून निपचित पडलेल्या मुलाला पळावयाचे नसते, झुंजावयाचेही नसते. भांडार उघडले जाते, आणि उपभोगणारा मात्र नसतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. बालकाचा मेंदू याहून खादाड. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनानुसार पाच वर्षांच्या सुमारास मुलाच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वाटा मेंदूकडे जातो. साखर हेच या मेंदूचे मुख्य इंधन. म्हणूनच साखरेचा तोल मुलांत इकडे ढळला तरी अपाय आणि तिकडे ढळला तरी अपाय.

दुतोंड्या मारुतीची साक्ष

निरोगी मुलाच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात सामान्यतः सत्तर ते एकशे चाळीस मिलिग्रॅम साखर असते. डोक्याला किरकोळ टेंगूळ आले तर हा आकडा फारसा हलत नाही. मार जितका गंभीर तितकी साखर अधिक चढते, असा जगभरच्या रुग्णालयांचा अनुभव आहे. १९९१ साली सिअ‍ॅटल येथील डॉक्टरांनी मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला; आरंभीची साखर खूप वाढलेल्या मुलांची पुढची वाटचाल वाईट झाल्याचे त्यांना दिसले. २००३ साली अमेरिकेतील युटा राज्यातून असाच एक अहवाल आला. दाखल होताना, वाचलेल्या मुलांची साखर सरासरी १३५ होती आणि दगावलेल्या मुलांची २६७. तीनशे किंवा त्याहून अधिक साखर असलेले एकही मूल त्या पाहणीत वाचले नाही. हे आकडे वाचून मन चरकते.

मग प्रश्न असा उद्भवतो की, वाढलेली साखर ही अपराधी की केवळ साक्षीदार? नाशिककरांना हे समजावून सांगण्यास दूर जावयास नको. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून वर किती पाऊस झाला आणि गंगापूर धरणातून किती पाणी सुटले याचा अदमास येतो. मारुतीने पूर आणलेला नसतो. तो पुराचे माप सांगतो. रक्तातील साखर हे असेच एक माप आहे. ती मेंदूवरच्या आघाताची खोली सांगते.

परंतु उपमा येथेच संपत नाही. मारुतीच्या गळ्याशी आलेले तेच पाणी पुढे सराफ बाजारात आणि भांडी बाजारातही शिरते आणि स्वतःहून नुकसान करते. साखरेचेही तसेच असावे, असे मानण्यास बरीच कारणे आहेत. इजा झालेल्या मेंदूच्या काही भागांत रक्तप्रवाह मंदावलेला असतो आणि प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. प्राणवायूविना साखर जळू लागली की तिचे लॅक्टिक आम्ल बनते. इंधन जितके अधिक तितके हे आम्ल अधिक. आधीच होरपळलेल्या पेशींना ते सोसत नाही. १९७७ साली माकडांवर झालेल्या प्रयोगांत, रक्तप्रवाह खंडित होण्यापूर्वी ज्यांना ग्लुकोज दिले होते त्यांच्या मेंदूचे नुकसान उपाशी माकडांपेक्षा अधिक झालेले आढळले होते. शिवाय साखर फार वाढली की ती लघवीवाटे पाणी ओढून नेते. शरीर कोरडे पडते, रक्तदाब खालावतो, आणि जखमी मेंदूला खालावलेल्या रक्तदाबाइतका दुसरा वैरी नाही. सारांश, साखर साक्षीदार तर आहेच, पण गुन्ह्यात तिचा काही हातही आहे.

इन्सुलिनने दिलेला धडा

यावर कोणी म्हणेल, मग इन्सुलिन टोचून साखर ताबडतोब खाली आणावी, झाले! वैद्यकशास्त्रालाही काही काळ असेच वाटले होते. २००१ साली बेल्जियममधील लुव्हेन येथे अतिदक्षता विभागातील दीड हजारांवर प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. साखर काटेकोरपणे निरोगी पातळीत ठेवल्याने त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण आठ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांच्या आसपास उतरले. जगभर उत्साहाची लाट आली. परंतु २००९ साली अनेक देशांतील सहा हजारांवर प्रौढ रुग्णांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याने ही लाट ओसरली. काटेकोर नियंत्रण केलेल्या गटात २७.५ टक्के रुग्ण दगावले आणि सौम्य नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. मुलांपुरते बोलावयाचे, तर २०१७ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या मुलांवरचा असाच एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. काटेकोर नियंत्रणाने लाभ काही होईना, आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग मात्र वाढले.

या सर्वाचे तात्पर्य सरळ आहे. वाढलेल्या साखरेवर तुटून पडावयाचे नाही आणि तिच्याकडे काणाडोळाही करावयाचा नाही. श्वास मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब सांभाळणे, आकडी थांबवणे, वेदना शमवणे आणि मेंदूत रक्त साकळले असल्यास ते वेळेवर काढणे, हा खरा उपचार. तो नीट झाला तर पुष्कळ मुलांची साखर पुढच्या दिवसा-दोन दिवसांत स्वतःहून खाली येते. न येईल आणि फारच चढून राहील तर इन्सुलिन द्यावे, पण ते अतिदक्षता विभागात, वरचेवर साखर मोजत, हलक्या हाताने. ज्या दवाखान्यात रात्री साखर मोजण्याची सोय नाही, तेथे हे औषध चालवणे म्हणजे डोळे बांधून घाट उतरण्यासारखे आहे.

याच ओघात आणखी एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. डोक्याला मार म्हटला की सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची रीत पूर्वी सर्रास होती. २००४ साली दहा हजार प्रौढ रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय पाहणीने दाखवून दिले की, त्याने दोन आठवड्यांतील मृत्यू कमी होण्याऐवजी वाढतात. स्टेरॉइड साखरही वाढवते, हे वेगळे सांगावयास नको. तरीही ही रीत समूळ गेली आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

बाटलीवरची श्रद्धा

आता ग्लुकोजच्या बाटलीकडे वळू. आपल्याकडे ‘सलाइन लावणे’ हा उपचाराहून अधिक एक विधी झाला आहे. पेरणीच्या आधी अंगात जोर यावा म्हणून एक बाटली, परीक्षेच्या आधी अशक्तपणा जावा म्हणून एक बाटली! खाटेच्या उशाशी टांगलेली ती बाटली डोळ्यांना दिसते, थेंबथेंब उतरताना दिसते. त्यामुळे पैसे कशाचे दिले हे घरच्यांना कळते आणि आपण काही केले याचे समाधान दवाखान्यालाही मिळते. लोकभाषेत सर्वच बाटल्या सलाइनच्या. प्रत्यक्षात त्यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, आणि डोक्याच्या मारात हा फरक जिवावर बेतू शकतो.

थोडे गणित करून पाहावे. आमचे शिक्षक वाचक ते वर्गातही घालू शकतील. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. दर शंभर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम या हिशेबाने त्या सर्व रक्तात मिळून साखर असते अवघी दीड ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते पंचवीस ग्रॅम. ज्या मुलाच्या रक्तात संकटाने आधीच दुप्पट साखर उतरली आहे आणि ज्याचे इन्सुलिन मंदावले आहे, त्याला आपण ही बाटली लावतो! आणि ज्या ‘ताकदी’साठी ती लावतो, ती तरी किती? पंचवीस ग्रॅम साखरेत शंभर कॅलरीसुद्धा धड भरत नाहीत. पोळी-भाजीचे चार घास त्याहून अधिक ताकद देतात.

साखरेहून गंभीर गोष्ट पाण्याची आहे. शरीर ती साखर वापरून टाकते आणि मागे उरते ते निव्वळ पाणी. हे पाणी रक्तात थांबत नाही. ते पेशींत शिरते, मेंदूच्या पेशींतही शिरते. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. तिच्यात सुजणाऱ्या मेंदूला पसरावयास जागा नसते. म्हणून दाब वाढतो, रक्तप्रवाह आणखी खुंटतो आणि दुष्टचक्र सुरू होते. याउलट, ‘नॉर्मल सलाइन’ म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ असलेले पाणी. त्याचा खारटपणा रक्ताशी मिळताजुळता असल्यामुळे ते रक्तवाहिन्यांच्या परिसरातच राहते आणि रक्तदाब टिकवण्यास मदत करते. मेंदूवरचा दाब वाढलेल्या मुलांना मोठ्या रुग्णालयांत तीन टक्के मिठाचे पाणी शिरेतून देतात, ते तर सुजेतले पाणी बाहेर ओढण्यासाठीच. एक बाटली पाणी आत ढकलते, दुसरी ते बाहेर ओढते, आणि लोकांच्या लेखी दोन्ही सलाइनच!

येथे एक अपवाद ठळकपणे सांगितला पाहिजे. साखर कमी झालेली असेल तर ग्लुकोज हेच अमृत, आणि ते देण्यास क्षणाचाही विलंब उपयोगी नाही. तान्ही बाळे, बराच वेळ उपाशी असलेली मुले आणि कुपोषित मुले यांच्या यकृतातील साठा तुटपुंजा असतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील मुलांच्या बाबतीत हा विचार सदैव जागा ठेवला पाहिजे. तेव्हा ग्लुकोज वाईट आणि मीठ चांगले, असा हा वाद नाही. सांगणे इतकेच की, अंदाजाने काही करू नये, मोजून करावे. बोटाला सुई टोचून एका थेंबात साखर सांगणारे यंत्र आज घराघरांतील मधुमेही आजी-आजोबांच्या उशाशी असते. त्याची पट्टी बाटलीहून स्वस्त पडते आणि उत्तर मिनिटाच्या आत मिळते. मूल फार थंडगार पडले असेल तर बोटाच्या थेंबाचा आकडा चुकू शकतो, म्हणून पुढे प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी. पण पहिला दिवा त्या थेंबानेच लागतो.

कपाळीचा शिक्का

मूल बरे होऊन घरी आले तरी प्रकरण संपत नाही. कागदावर कोठेतरी ‘साखर २३०’ असे लिहिलेले असते आणि घरात कुजबुज सुरू होते. कोणी त्याचे खाणेपिणे तोडतो, कोणी काढे सुरू करतो. मुलगी असेल तर पुढे तिच्या लग्नात हा कागद आडवा येईल, या धास्तीने आईबाप तोंड शिवून बसतात. वाढत्या वयाच्या, नुकत्याच दुखण्यातून उठलेल्या मुलाला गोडाधोडाला पारखे करणे ही निव्वळ क्रूरता आहे.

संकटातली साखर ही पाहुणी असते. आघात सरला की ती निघून जाते. तरीही मनात शंका राहिलीच, तर तिचे निरसन करणारी साधी तपासणी उपलब्ध आहे. मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती, हे रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून कळते. ती तपासणी सामान्य निघाली आणि काही आठवड्यांनी उपाशीपोटीची साखरही सामान्य निघाली, तर विषय तेथेच मिटवावा. क्वचित एखाद्या मुलाला खरोखरच मधुमेह असतो आणि तो अपघाताच्या निमित्ताने उघडकीस येतो. त्याचा उपचार वेगळा आणि आजन्म. या दोहोंतला भेद घरी पाठवण्याच्या कागदावर दोन ओळी मराठीत लिहून स्पष्ट करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. त्या दोन ओळींनी एका कुटुंबाची वर्षांची काळजी वाचते.

नाशिकने काय करावे

हा विषय तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण मुलाच्या मेंदूचे भवितव्य पुष्कळदा तज्ज्ञापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ठरते. जिल्हा मोठा, निम्मा डोंगराळ. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय मुख्यतः नाशिक शहरात. घाट उतरून येईपर्यंत मुलाचे मोलाचे तास तालुक्याच्या दवाखान्यात आणि गाडीत जातात. म्हणून खरी लढाई त्या पहिल्या ठिकाणी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर मोजण्याचे यंत्र, न संपलेल्या पट्ट्या, मुलांच्या मापाची प्राणवायूची नळी आणि नॉर्मल सलाइन ही चार साधने चोवीस तास हाताशी हवीत. यंत्र कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर, असे होता कामा नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून चालू आहे. गाडीत बसतानाच मुलाची साखर, नाडी आणि शुद्धीची पातळी मोजून ती कागदावर वेळेसह लिहिली गेली, तर पुढच्या डॉक्टरला मूल सुधारते आहे की ढासळते आहे हे कळेल. शुद्धी मोजण्याची पद्धतही अवघड नाही. ग्लासगो येथील दोन डॉक्टरांनी १९७४ साली बसवलेल्या तीन ते पंधरा गुणांच्या मापनात डोळे, वाचा आणि हातापायांची हालचाल एवढेच पाहावयाचे असते.

याबाबतीत नाशिकला एक दुर्मीळ संधी आहे. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, आणि ॲलोपॅथीबरोबरच आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या या शाखांची महाविद्यालयेही त्याच्या छत्राखाली येतात. तालुक्यांच्या गावी पहिला रुग्ण पाहणारे आणि १०८ च्या गाडीतून जाणारे डॉक्टर पुष्कळदा आयुर्वेदाचे पदवीधर असतात. डोक्याचा मार लागलेल्या मुलाला पहिल्या तासात काय द्यावे आणि काय देऊ नये, याचा एक छोटा पाठ सर्व शाखांना सक्तीचा करणे विद्यापीठाला अशक्य नाही. शाखांमधले वाद आपल्या जागी राहोत. थेंबभर रक्त मोजण्याला कोणत्याही पंथाचा विरोध असू नये.

शिक्षकांवरची जबाबदारी याहून लहान नाही. शाळेच्या मैदानावर पडलेल्या मुलाजवळ पहिला पोहोचणारा प्रौढ माणूस शिक्षकच असतो. त्याने काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. बेशुद्ध किंवा गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी, साखरपाणी, सरबत, चहा काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत गेले तर मूल गुदमरते, आणि साखरेची तर त्याला बहुधा गरजच नसते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ दवडू नये. मान वाकडी होऊ न देता मुलाला उचलावे. ओकारी येत असेल तर मान आणि धड एकदम वळवून कुशीवर निजवावे. पडल्याची वेळ आणि किती उंचीवरून पडले, हे लिहून ठेवावे. पुन्हा पुन्हा ओकारी, वाढती गुंगी, आकडी, एक बाहुली मोठी व एक लहान, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही खूण दिसली तर घरचे येण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आणि दवाखान्यात पोहोचल्यावर ‘बाटली लावा’ असे म्हणण्याऐवजी ‘साखर मोजली का?’ असे विचारावे. हा एक प्रश्न विचारणारा समाज घडला, तरी मोठे काम झाले.

अर्थात सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे मार लागूच न देणे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकांनाही हेल्मेट, चार वर्षांखालील बालकांना चालकाशी जखडणारा पट्टा आणि अशा वेळी ताशी चाळीस किलोमीटरची वेगमर्यादा हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नाशिक पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ ही मोहीम काढली होती, तेव्हा शहरात किती वादविवाद झाला! त्या वादात मोठ्यांच्या डोक्यांचाच विचार झाला. आजही सकाळी शाळांच्या दारात पाहावे : वडिलांच्या डोक्यावर हेल्मेट आहे, आणि पुढे टाकीवर बसलेल्या पोराचे डोके उघडे. दंड वडिलांच्या खिशाला होतो, म्हणून त्यांचे डोके झाकलेले. पोराच्या डोक्याची पावती कोणी फाडत नाही. शाळांनी दारातच मुलांच्या हेल्मेटचा आग्रह धरला, नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी गच्चीला कठडा असल्याशिवाय घर पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये असे ठरवले, आणि संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक वर्गात या विषयावर दहा मिनिटे बोलणे झाले, तर त्याला फारसा पैसा लागणार नाही.

रक्तातील साखर हा शरीराने लिहिलेला निरोप आहे. तो वाचावयास मिनिटभर लागते. आपण आजवर तो न वाचताच त्यावर बाटली टांगत आलो, किंवा अर्धवट वाचून पोराला जन्माचा रोगी ठरवत आलो. मेंदूच्या जखमी पेशी पुन्हा नव्याने उगवत नाहीत. एका तासाच्या गैरसमजुतीची किंमत मूल पुढची पन्नास-साठ वर्षे फेडत राहते. अडखळणारी जीभ, लटका पडलेला हात, वर्गात मागे पडलेले मन, या रूपांनी ती फेडली जाते आणि आपण तिला नशीब म्हणतो. त्यातला जो भाग अज्ञानाचा आहे, तो तरी नशिबाच्या खात्यातून काढून आपल्या खात्यावर मांडण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवावयास हवा.